चार दिवसांचा कान

आमच्या दवाखान्यात येणारं लेकरू चार दिवसांपासूनच आजारी असतं. आईला इचारा, कान कधीपासून फुटलाय, ती म्हणती, झाले की चार दिवस. लेकराच्या मानंवर पू वाळून पापुद्रा धरलेला असतो, टोपडं एका बाजूनं कडक झालेलं असतं, वास लेकराच्या आधी दारातनं आत येतो, तरी चारच. पाच म्हणणारी मला अडीच वर्षांत एक बी भेटली न्हाई.

मी शिरूर कासारला कानाच्या डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात कागद लिवते. पेशंट आधी माज्या टेबलापाशी येतो. नाव, गाव, वय, कुठला कान, किती दिवस, ताप हाय का, ठणकतोय का, पू येतोय का, आला तर पातळ का घट्ट, वास हाय का, आदी कदी असं झालतं का. मग आत मॅडम कानात बगत्यात, काय दिसलं ते सांगत्यात, ते बी मी लिवते आन् शेवटी आजाराचा नंबर टाकते. बाहेरच्या माणसाला वाटतं त्यात काय लिवायचंय, कान फुटलाय, थेंब द्या, झालं. मला बी तसंच वाटायचं. मी नववीतनं उठवून लग्न करून दिलेली बाई, तीन वर्षं उसावर जाऊन मोळ्या वाहिलेली, मला कान म्हंजे कानच म्हाईत हुता, त्याच्या आत एवढं लिवण्यासारखं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते मला गफूरचाचानं सांगितलं. गफूरचाचा आमचे म्हातारे कंपाउंडर. सरकारी दवाखान्यात जुन्या कागदांच्या खोलीवर त्यांची सगळी नोकरी गेली, रिटायर झाल्यावर मॅडमनी त्यांना हितं बोलावून घेतलं. अक्षर छापल्यावानी. पण डोळ्यात मोतीबिंदू उतरला आन् त्यांना हाताखाली लिवणारी पायजे झाली, तवा मी माज्या लेकीला दाखवायला म्हणून बाहेरच्या बाकड्यावर बसलेली असायची आन् बाकीच्या बायकांना औषधाच्या चिठ्ठ्या वाचून दाखवायची. चाचानं एक दिवस बोलावलं आन् म्हणले, बेटी, हा शब्द वाच. मी वाचला. म्हणले, आता लिव. मी लिवला. लगीच मॅडमला हाक मारून म्हणले, मिळाली.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला नंबरांचं पुस्तक उघडून दिलं. सगळं इंग्रजी. चाचा म्हणले, घाबरू नको, पुस्तक मोठं हाय पर आपल्याला एकच पान लागतं.

"हे बग, एच म्हंजे डोळे आन् कान. साठच्या खाली डोळे, साठच्या वर कान. पासष्ट म्हंजे कानाच्या पडद्यामागं नुसतं पानी साठलंय. सहासष्ट म्हंजे पू."

"आन् पुढं पॉइंट देऊन शून्य कावून हाय?"

"शून्य म्हंजे ताजा. ताप येतो, लेकरू रडून घर डोक्यावर घेतं, पडदा लाल होऊन फुगतो. एक म्हंजे जुना, पडद्याला मधोमध भोक पडलेलं. वाहतो, पर वाईट न्हाई. दोन म्हंजे जुना आन् बदमाश. भोक वरच्या कोपऱ्यात. दुखत न्हाई, ताप न्हाई, पू इतकुसा, पर घाण वास मारतो, आन् आतनं हाड खातो."

"आन् नऊ?"

"नऊ म्हंजे कान हाय आन् त्यात कायतरी बिगडलंय. नऊ लिवनारा माणूस म्हणतो, मी बगितलं न्हाई, इचारलं न्हाई, मला जेवायला जायचंय."

म्हणून आमच्या दवाखान्यात नऊ लिवायचा न्हाई, असा चाचाचा कायदा. एकदा एक औषध कंपनीवाला म्हणला, "काय चाचा, सगळीकडं नऊच टाकत्यात, चालतंय की." चाचा म्हणले, "तुज्या कानाला टाकीन नऊ, तू ये आजारी पडून."

हळूहळू मला कळलं की सगळं दोन गोष्टींवर असतं. कुठला कान आन् किती दिवस. ह्या दोनच गोष्टी पेशंटच्या तोंडून येत्यात आन् ह्या दोनच चुकत्यात. बाकीचं मॅडम दुर्बिणीतनं बगूनच घेत्यात.

कुठला कान, ह्यात मी पहिल्याच महिन्यात आपटले. एक उसतोडीवरची बाई आली, चाळिशीची, हाताला घट्टे. मी इचारलं, मावशी कुठला कान. ती म्हणली, कोयत्याकडचा. मला लई बरं वाटलं, कारण ही आमची बोली, उसाच्या फडात, थळात आमी असंच बोलतो, कोयता उजव्या हातात म्हणून कोयत्याकडनं सरक, मोळीकडनं ये. मी ऐटीत लिवलं, उजवा. कागदावर दोन गोल असत्यात, दोन कानाच्या दोन पडद्यांचे. माणूस समोर बसल्यावर जसा दिसतो तसे, म्हंजे उजव्या कानाचा गोल कागदाच्या डाव्या अंगाला. मी त्या गोलावर खूण बी करून ठिवली. आत मॅडमनी उजव्या कानात बगितलं आन् बाहेर आवाज आला, "अहो, पडदा मोत्यासारखा आहे, काय झालंय ह्यांना?"

मी आत पळाले. ती मावशी दुसऱ्या कानावर हात ठिवून बसलेली. म्हणली, "मी डावरी हाय की बाई. आख्खी टोळी मला डावरी म्हणूनच हाक मारती. तुला न्हाई व्हय म्हाईत?"

मॅडम हसल्या, पण नंतर मला एकटीला म्हणल्या, "आज थेंब होते म्हणून हसलो. हाच कागद ऑपरेशनच्या टेबलावर गेला असता तर?" तवापासून चाचानं नियम केला, कान तोंडानं इचारायचा न्हाई. पेशंटनं स्वतःचं बोट कानाला लावायचं, मग आपन आपलं बोट त्याच कानाला लावायचं, मगच पेन उचलायचं. लोक हसत्यात. एक सासू म्हणली, हितं काय कान टोचत्यात का काय. हसू द्या.

दिवसांचं कोडं मात्र मला एका धनगर आजोबानं सोडवून दिलं. ते मेंढरं रस्त्याच्या कडेला लेकावर सोडून आत आले, काठी दाराला टेकवली. मी इचारलं, आजोबा, किती दिवस झाले. ते म्हणले, "दिवस कोण मोजतंय." मी म्हणलं, अंदाजे सांगा. ते म्हणले, "अंदाजे कसं सांगू, अंदाजे सांगितलं तर ते खोटं व्हईल." माज्या मागं रांग थांबलेली, मी कंटाळून चारच लिवणार हुते. तेवढ्यात चाचा आपल्या खुर्चीतनं म्हणले, "बाबा, पहिल्यांदा ठणकला तवा मेंढरं कुठं बसली व्हती?"

आजोबाचा चेहराच खुलला. "मांजरसुंब्याच्या पुढं, ढाब्याच्या मागल्या वावरात. तितं ठणकला. मग आमी खाली उतरलो, धर्मापुरीच्या देवळापाशी रान मिळालं, तितं फुटला. तितनं परत येस्तवर वाहतच हाय. ज्वारी उभी व्हती तवा गेलतो, आता बगा रान मोकळंय."

चाचानं बोटांवर मोजलं आन् मला म्हणले, लिव, चार महिने. चार दिवस आन् चार महिने. शून्य आन् एक. एका कागदावर सात दिवसांचं औषध देऊन घरी पाठवायचं, दुसऱ्यावर पडदा शिवायचा इचार करायचा.

मग मी बायकांना बी तसंच इचारायला लागले. किती दिवस म्हणायचं सोडूनच दिलं. "ताई, ह्याचा कान पहिल्यांदा ओला झाला तवा तुमी कुठं हुतात?" आन् काय सांगू, ज्या बाईनं मिनिटापूर्वी चार दिवस म्हणलेलं असतं तीच म्हणती, कारखान्यावर हुतो, कोपी घालून पंधरा दिवस झालते, शेजारच्या कोपीतल्या बाईनं लसणाचं तेल दिलतं. आमच्याकडं लोक सहा महिने हितं आन् सहा महिने कारखान्याच्या तळावर, पालाच्या झोपडीत, म्हंजे कोपीत. दिवसाचं इचारलं की तिला वाटतं आपली चौकशी लागली, इतके दिवस काय करत हुतीस म्हणून कुणीतरी वरडणार. ठिकाणाचं इचारलं की ती नुसती आठवती. जागेची भीती वाटत न्हाई माणसाला.

हे मला गफूरचाचाच्या बी आदी कळायला पायजे हुतं. कारण मी बी त्यातलीच.

माजी लेक प्रांजल दोन वर्षांची हुती तवा मी तिला पहिल्यांदा ह्या दवाखान्यात आणलं. उसावरनं परत आलो हुतो, तिला ताप हुता, डाव्या कानामागं सुजलं हुतं. टेबलावर गफूरचाचा हुते, तवा त्यांना नीट दिसायचं. माज्या एका बाजूला आमचे मालक, एका बाजूला आत्याबाई, माजी सासू. चाचानं इचारलं, किती दिवस. मी म्हणलं, चार दिवस झाले. ताप खरंच चार दिवस हुता, म्हणून माजी जीभ अडखळली बी न्हाई. पण कान तिचा आठ महिन्यांची हुती तवापासून वाहत हुता. पहिल्या हंगामात कोपीत सुरू झाला, आत्याबाई म्हणल्या दात येत्यात, दात आल्यावर थांबंल. दात आले. मधी उन्हाळ्यात वाळला, पावसाळ्यात परत आला, दुसरा हंगाम आख्खा वाहिला. मी कापसाचा बोळा घालून, फडकं बांधून तिला थळाच्या कडंला उसाच्या वाढ्याच्या सावलीत निजवायची आन् कोयता घेऊन सरीत शिरायची. सोळा महिने.

कावून न्हाई सांगितलं, तर त्याच्या आदी एका दुसऱ्या दवाखान्यात माज्या पुढच्या बाईनं खरं सांगितलं हुतं आन् तितल्या बाईनं तिला सगळ्यांसमोर झापलं हुतं, लेकरू सडल्यावर आणता का म्हणून. ती बाई खाली मान घालून रडत हुती आन् तिचा नवरा तिच्याकडं बगत हुता. मला ते बगणं विसरलं न्हाई.

चाचानं आपल्या छापील अक्षरात लिवलं, डावा कान, ४ दिवस, ताप. मॅडमनी पू पुसून बगितलं, पण आत सगळं सुजून बंद झालेलं, पडद्याचा वरचा कोपरा दिसतच नव्हता. चार दिवसांचा म्हणल्यावर नंबर पडला सहासष्ट पॉइंट शून्य. औषध दिलं, ताप गेला, सूज गेली. मॅडमनी सांगितलं हुतं, महिन्यानं परत दाखव, मला पडदा पूर्ण बघायचाय. मी एकदा दाखवलं, तवा आत पापुद्रा हुता, लेकरू हात लावू देईना, परत ये म्हणल्या. मग मला काम लागलं आन् ते राहिलं.

राहिलं म्हणते, पण ते तसं न्हाई. खरं लिवायला बसले तर खरंच लिवते. कान वरनं कोरडा असायचा. पण कदीतरी सकाळी तिच्या उशीवर मुगाएवढा डाग दिसायचा, पिवळा, वास मारणारा. दिवसभर मी दुसऱ्यांच्या लेकरांचं लिवायची, पू इतकुसा, वास हाय, दुखत न्हाई, आन् सांजच्याला घरी जाऊन तो उशीचा अभ्रा धुवायची. स्वतःला म्हणायची, न्हाताना पाणी गेलं असंल. मॅडमपुढं तिला बसवलं तर तो जुना कागद रॅकमधनं निघणार, त्यावर चार दिवस लिवलेलं, आन् मग मॅडम इचारणार. काम जाईल ह्याची भीती हुतीच, पण त्याच्यापेक्षा मॅडमनी आन् चाचानं माज्याकडं तसं बगायला नको हुतं. म्हणून कान बगणाऱ्या दवाखान्यात काम करून मी माज्या लेकीचा कान दीड वर्ष कुणाला दाखवला न्हाई.

ती चार वर्षांची झाली, अंगणवाडी सुटली की दवाखान्यात येऊन माज्या टेबलाखाली बसायची. एक दिवस तिच्या बापाचा फोन आला. तिनं डाव्या हातात फोन घेतला आन् हात डोक्यामागनं वळवून उजव्या कानाला लावला. मॅडम चहा घेत उभ्या हुत्या. त्यांनी कप खाली ठिवला.

"प्रांजल, फोन ह्या कानाला लाव बरं."

"ह्यात पप्पा न्हाईत," प्रांजल म्हणली.

मॅडमनी माज्याकडं न बगता सांगितलं, हिला खुर्चीत बसव.

दुर्बिणीतनं त्यांनी लई वेळ बगितलं. मग टीव्हीच्या पडद्यावर मला बी दाखवलं. वरच्या कोपऱ्यात भोक आन् त्यात पांढरं, कांद्यावानी पापुद्र्यावर पापुद्रा. मी शंभर येळा ते शब्द लिवले हुते, बगितलं पहिल्यांदा. बीडला कानाच्या हाडांचा फोटो काढायला पाठवलं. फोटो बगून मॅडम म्हणल्या, "ऐकू यायची बारीक हाडं खाल्ली आहेत. आता चेहऱ्याच्या नसेपाशी आलंय. ती नस गेली तर तोंड वाकडं होईल, आणि वरचं हाड गेलं तर मेंदूला धोका. ऑपरेशन लवकर करायचं. सरकारी योजनेत बसतं, फाईल आजच पाठवू."

फाईल मीच केली. सहासष्ट पॉइंट दोन, डावा. अक्षर नीट काढलं. पहिल्यापासूनचे सगळे कागद जोडावे लागत्यात, तर मी तो जुना कागद बी काढला, न बगता जोडला.

आठ दिवसांनी बीडच्या योजनेच्या ऑफिसातनं फाईल परत आली. त्यावर शेरा, पहिल्या कागदावर ताजा आजार, चार दिवस, आता जुनाट आन् हाड खाणारा, दोन्ही जुळत न्हाई, खुलासा द्या. मॅडमनी कागद हातात धरून चाचाला इचारलं, "चाचा, हे चार दिवस कसे? दोन वर्षांत नवीन आजार इतकं हाड खात नाही हो." चाचानं कागद डोळ्याजवळ नेला. अक्षर त्यांचंच. म्हणले, "मॅडम, जे सांगितलं तेच लिवलं असंल मी." आन् जरा वेळानं, "पर चूक झाली असंल माझी. तवा बी नजर कमीच झाली व्हती."

मी तिथंच उभी हुते.

दुपारी दवाखाना दोन तास बंद असतो. मॅडम वर घरी गेल्या, चाचा मागल्या खोलीत नमाजला. तो कागद माज्या टेबलावर पडलेला. चार आन् पुढं दिवस. माज्या हातात निळं पेन, त्याच शाईचं. दिवस खोडून वर महिने लिवायला किती वेळ लागतो, आन् चारच्या आदी एक काढून चौदा करायला किती. दीड वर्ष मी चाचाच्या अक्षराखाली अक्षर काढतेय, मला त्यांचा चार जसाच्या तसा येतो. हे केलं असतं तर फाईल गेली असती, लेकीचं ऑपरेशन झालं असतं, मला कुणी काय इचारलं नसतं. पेन मी कागदाला टेकवलं बी. शाईचा बारीक ठिपका पडला, तो अजून त्या कागदावर हाय.

पण मला चाचाचं ते बोलणं सारखं ऐकू यायला लागलं, चूक झाली असंल माझी. हा माणूस सगळी जिंदगी कागदांच्या खोलीत बसला, एक ओळ कदी खोडली न्हाई, त्याचा त्याला केवढा ताठा, आन् माज्या चार दिवसांपायी त्यानं स्वतःच्या डोळ्यावर घेतलं.

चाचा बाहेर आले, टोपी नीट करत. माज्या हातात पेन बगितलं, कागद बगितला. माज्या समोर पेशंटच्या स्टुलावर बसले.

मी म्हणलं, "चाचा, तुमी बरोबर लिवलं हुतं. मीच चार सांगितलं."

चाचानं टोपी काढून मांडीवर ठिवली. मग म्हणले, "आन् मी बी तेवढंच इचारलं. मला कळायला पायजे व्हतं, उसावरची बाई चार म्हणती तवा चार नसत्यात. तवा रांग मोठी व्हती." मग आपली खुर्ची वडून घेतल्यावानी स्टूल पुढं सरकवलं आन् इचारलं, "बोल बेटी. पहिल्यांदा कान ओला झाला तवा कुठं व्हतीस?"

हाच सवाल मी किती बायकांना केलता. समोरनं आल्यावर मला बसवेना. मी सांगितलं. साताऱ्याकडच्या कारखान्यावर, ओढ्याच्या कडंला तळ हुता, आमची कोपी शेवटची. सगळं सांगितलं, उशीच्या डागासकट. चाचा नुसतं बोटांवर मोजत हुते. शेवटी म्हणले, सोळा.

मॅडम खाली आल्यावर मी त्यांना बी सांगितलं. मला वाटलं हुतं त्या वरडतील. त्या म्हणल्या, "दीड वर्ष तू माझ्यासमोर बसलीस." एवढंच म्हणल्या. मला ते वरडण्यापेक्षा जड गेलं. मग त्यांनी खुर्ची ओढली आन् म्हणल्या, "आता खुलासा कसा लिहायचा ते चाचा सांगतील."

चाचा म्हणले, "जुन्या ओळीला हात लावायचा न्हाई. ती तवाची ओळ हाय, तवा तेच सांगितलं, तेच लिवलं. तिच्या खाली रेघ मारायची, आजची तारीख टाकायची, आज जे खरं कळलं ते लिवायचं, सांगनारीचं नाव, लिवनारीचं नाव, सही."

"तुमी लिवा," मी म्हणलं.

"मला दिसत न्हाई," चाचा म्हणले, आन् पेन माज्याकडं सरकवलं. त्या दिवशी सकाळीच त्यांनी पेपरातली बारीक जाहिरात वाचून दाखवली हुती.

मी लिवलं. पहिल्या भेटीत सांगितलेले ४ दिवस हे तापाचे. डावा कान वाहणे त्यापूर्वी १६ महिन्यांपासून, थांबून थांबून. आईने भीतीने सांगितले नाही. नंतरही अधूनमधून थोडा, वासाचा स्राव, तोही दाखवला नाही. माहिती देणारी, आई. लिहिणारी, आई. खाली सही.

मॅडमनी वाचलं. "भीतीने हा शब्द कागदात लिहीत नाहीत गं," त्या म्हणल्या. "आपण दिसलेलं आणि सांगितलेलं लिहितो."

"मग खोडू का?"

मॅडमनी चाचाकडं बगितलं. चाचा खिडकीकडं बगत हुते. म्हणले, "खोडता तर येत न्हाई आपल्याकडं."

तो शब्द तसाच बीडला गेला. फाईल मंजूर होऊन आली.

ऑपरेशनच्या दिवशी बीडच्या मोठ्या दवाखान्यात एक पोरगी हातात पॅड घेऊन आली, कुठला कान म्हणली. आमचे मालक म्हणले, डावा. मी म्हणलं, थांबा. प्रांजलला म्हणलं, बोट लाव. तिनं लावलं. मग माजं बोट लावलं. मग त्या पोरीला म्हणलं, आता तुमचं लावा. तिला वाटलं ही बाई घाबरलीय. घाबरले तर हुतेच. तिनं लावलं.

नस वाचली. हाड खाणारं सगळं काढलं, पण ऐकायची बारीक हाडं गेलेलीच हुती. डाव्या कानानं प्रांजलला अर्धंच ऐकू येतं, पुढं आणखी एक ऑपरेशन करून बगू म्हणत्यात. रस्त्यानं चालताना मी आता तिच्या उजव्या अंगाला चालते. कुणी तिला डावीकडनं हाक मारली आन् तिनं वळून बगितलं न्हाई की मला तो उशीवरचा मुगाएवढा डाग दिसतो. तो कुठल्या नंबरात बसत न्हाई.

कामावरनं मॅडमनी काढलं न्हाई. माज्या जुन्या शाळेतले सर म्हणले, शाळेच्या वार्षिक अंकात तुज्या कामाचं कायतरी लिव, तर मला ह्याच्यापेक्षा दुसरं काय सुचलं न्हाई.

गेल्या आठवड्यात मातोरीकडची एक बाई आली, माज्याच वयाची, काखेत पोरगी, मागं सासू उभी. पोरीच्या कानात कापूस. बाईनं पोरीच्या कानाला बोट लावलं, मग मी लावलं, उजवा. मग इचारलं, पहिल्यांदा ओला झाला तवा तुमी कुठं हुतात. बाई सासूकडं बगून म्हणली, "घरीच. चार दिवस झाले." ठिकाण इचारूनबी चारच. असं बी हुतं कदी.

मी सासूला म्हणलं, आजी, तितं काटा हाय, लेकराचं वजन करून आणा. आजी पोरीला घेऊन गेल्या. मी उठून रॅकमधनं प्रांजलचा कागद काढला आन् त्या बाईपुढं ठिवला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच बोट फिरवत वाचून दाखवलं, वरची चाचाची ओळ, मग रेघ, मग माजी. भीतीने सांगितले नाही, तितं ती म्हणली, "हे कुणाच्या लेकराचं हाय?"

"माज्या."

तिनं टेबलाखाली बगितलं. प्रांजल तितं बसून अंक गिरवत हुती. बाईनं तिच्या डाव्या कानामागची शिवण बगितली, मग माज्याकडं बगितलं, आन् स्टुलावर जरा पुढं सरकून बसली.

"लिवा," ती म्हणली. "मागल्या साली कारखान्याचा बॉयलर पेटला आन् आमी कोपी घातली, तवापासून."

मी पेन उचललं.